पराचा कावळा न करता: के-पॉप अल्बममधले दडलेले अर्थ कसे वाचावेत

कोरियात दुपारी एक वाजता अल्बम आला, की आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. ऑफिसात चहा येईपर्यंत पहिली थिअरी तयार: व्हिडिओतलं भिंतीवरचं घड्याळ अमुक वेळ दाखवतंय, म्हणजे तमुक पात्र मेलेलं आहे. संध्याकाळपर्यंत त्या घड्याळाला दहा नातेवाईक जोडलेले असतात. यात मजा आहे, ती घालवायची नाही. पण असला सुतावरून स्वर्ग गाठायचा प्रकार आणि अल्बम खरोखर वाचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आधीच सांगून टाकतो. या अल्बममधले बहुतेक संदर्भ दडवलेले नसतातच, ते नीट दिसतील असे मांडून ठेवलेले असतात. कंपनीला ते तुम्हाला सापडायलाच हवे असतात, कारण शोधाशोध हा प्रसिद्धीचाच भाग असतो. त्यामुळे ‘हे चित्र ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराचं आहे’ एवढं ओळखण्यात फार मोठा पराक्रम नाही. मूळ गोष्ट घेऊन तिच्यात काय बदललं, काय गाळलं, कुठे उलटं केलं, हे पाहायला लागलं की खरं वाचन सुरू होतं.

उदाहरणासाठी मी बीटीएस या सात जणांच्या कोरियन गटाचा ‘विंग्ज’ घेतोय. तो १० ऑक्टोबर २०१६ रोजी आला. जुना आहे म्हणूनच घेतला: त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं आता समोर आहे, त्यामुळे कुठला अंदाज टिकला ते तपासता येतं. पद्धत हाती आली की ती कुठल्याही गटाच्या उद्या येणाऱ्या अल्बमला लावा.

१. आधी नुसतं ऐका

पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, दिलेल्या क्रमाने, शफल बंद करून, व्हिडिओ न बघता. भाषा कळत नसली तरी चालेल. कुठे आवाज एकटा पडतो, कुठे अचानक सगळे एकत्र येतात, कुठे मूड पलटतो, एवढंच टिपा. हे आधी करायचं, कारण एकदा कुणाची थिअरी वाचली की कानाला तेच ऐकू येतं. ‘कोणीतरी मेलंय’ असं वाचून ऐकलंत तर लग्नाचं गाणंही सुतकी वाटेल.

२. गाण्यांची यादी वाचा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सर्वांत जास्त माल इथेच असतो. इंट्रो, इंटरल्यूड, आउट्रो (सुरुवातीचा, मधला, शेवटचा तुकडा) कुठे आहेत? एकेकट्याची गाणी किती, सगळ्यांची किती, आणि ती कशी लागलीत?

‘विंग्ज’मध्ये १५ गाणी आहेत. पहिलं जे-होपचं ‘बॉय मीट्स ईव्हल’, दुसरं सगळ्यांचं ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सातही जणांची एकेकट्याची गाणी ओळीने येतात: जंगकूकचं ‘बिगिन’, जिमिनचं ‘लाय’, व्हीचं ‘स्टिग्मा’, शुगाचं ‘फर्स्ट लव्ह’, आरएमचं ‘रिफ्लेक्शन’, जे-होपचं ‘मामा’, जिनचं ‘अवेक’. दहाव्या गाण्यापासून पुन्हा एकत्र गाणी सुरू होतात. चौदावं ‘टू! थ्री!’ चाहत्यांसाठी आहे आणि शेवटी ‘इंटरल्यूड: विंग्ज’.

नुसती यादी बघूनच आकार दिसतो. मोहाशी गाठ पडते, मग गट फुटतो आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीत जातो, मग एकेक करून बाहेर येऊन सगळे पुन्हा भेटतात. यासाठी एकही फ्रेम थांबवून बघावी लागली नाही. शिवाय ‘इंटरल्यूड’ म्हणजे मधला तुकडा, तो शेवटी का ठेवलाय? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, उत्तर पुढे येईल.

३. गाण्यांचे शब्द

किमान दोन वेगवेगळी भाषांतरं शेजारी ठेवा. जिथे दोघांचं पटत नाही, नेमका तिथेच थांबायचं. त्या एका ओळीपुरतं पापागोसारखं भाषांतराचं ॲप किंवा नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा शब्दकोश उघडा. सगळं गाणं ॲपमध्ये ओतू नका, खिचडी होते.

एक अडचण ओळखून असा. कोरियनमध्ये कर्ता बिनधास्त गाळतात. मराठीतही गाळतो, पण आपलं क्रियापद ‘गेली’, ‘गेलास’ असं काहीतरी चुगली करतंच. कोरियन क्रियापद लिंग-वचन सांगत नाही. त्यामुळे भाषांतरकार पदरचं ‘ती’ किंवा ‘तिला’ घालतो आणि आपण तिसऱ्याच पोरीच्या शोधात निघतो. शुगाचं ‘फर्स्ट लव्ह’ हे याचं चांगलं उदाहरण. नाव पहिल्या प्रेमाचं, बोलणं थेट ‘तू’ला उद्देशून, पण हा ‘तू’ म्हणजे घराच्या कोपऱ्यातला तपकिरी पियानो. ही गोष्ट गाण्यातच सांगितलेली आहे, पण नाव वाचूनच ज्यांनी मत बनवलं त्यांना ती दिसत नाही.

एकेकट्याच्या गाण्यांचे शब्द सलग वाचले की मजेशीर गोष्ट लक्षात येते. जंगकूकच्या गाण्यात पंधराव्या वर्षी काहीच नसताना मोठ्या जगात आलेला मुलगा आहे. जे-होपच्या गाण्यात आई आहे. आरएम तर थेट जागेचं नाव घेतो: तुकसम, सोलमधला हान नदीकाठचा भाग, आणि म्हणतो की इथे मी स्वतःला भेटतो. जिन म्हणतो की कदाचित मला कधीच उडता येणार नाही. ही घरातून लवकर बाहेर पडलेल्या पोरांची, मोठं होण्याची गाणी आहेत. २०१६ साली अर्धं जग व्हिडिओतली प्रेतं मोजत होतं, आणि अल्बमचा साधा-सरळ विषय गाण्यांच्या शब्दांत उघड्यावर पडलेला होता. माझं ठाम मत आहे की शब्द न वाचता केलेली थिअरी वाचायच्या लायकीची नसते, मग तिला कितीही लाइक्स असोत.

४. व्हिडिओ: थांबवा, पण वही घेऊन

आता टीझर, शॉर्ट फिल्म, कन्सेप्ट फोटो आणि एमव्ही, म्हणजे गाण्याचा मुख्य व्हिडिओ. वहीत तीन रकाने करा: ‘काय दिसलं’, ‘कितव्या सेकंदाला’, ‘मला काय वाटतं’. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याची सरमिसळ होऊ द्यायची नाही. ‘पाठीवर दोन व्रण’ पहिल्या रकान्यात जातं, ‘पडलेला देवदूत’ तिसऱ्यात. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’च्या व्हिडिओत एक संग्रहालयासारखी जागा आहे आणि तिथे काय-काय ठेवलंय ते बघण्यासारखं आहे. पीटर ब्रॉयगेलचं ‘बंडखोर देवदूतांचं पतन’ हे १५६२ सालचं चित्र. ग्रीक पुराणकथेत मेणाचे पंख लावून उडालेल्या आणि समुद्रात पडलेल्या इकॅरसच्या पतनाचं, ब्रॉयगेलच्याच नावावर असलेलं निसर्गचित्र. हर्बर्ट ड्रेपरचं १८९८ सालचं, मेलेल्या इकॅरसभोवती शोक करणाऱ्या जलकन्यांचं चित्र. मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ची (मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी) आठवण करून देणारं शिल्प. काळ्या पंखांचा एक पुतळा, ज्याचं जिन चुंबन घेतो. सज्ज्यातून उडी मारणारा व्ही आणि पुढे त्याच्या पाठीवर, पंख उपटल्यासारखे व्रण. शेवटी आरसा, आरशावर जर्मन भाषेत तत्त्वज्ञ नीत्शेच्या ‘जरथुस्त्र’ या पुस्तकातलं वाक्य: नाचता तारा जन्माला घालायचा तर आपल्या आत अजून थोडा कल्लोळ असावा लागतो.

यादी करून झाल्यावर विचारायचं, यात परत-परत काय येतंय? पंख आणि पडणं. तीन चित्रं, दोन ब्रॉयगेलच्या नावावरची आणि एक तीनेकशे वर्षांनंतरचं, पण तिन्हींत कुणीतरी वरून खाली आलंय. एकच खूण अनेक जागी, अनेक रूपांत दिसली तर ती मुद्दाम ठेवलेली समजा. एकदाच दिसलेलं घड्याळ हे बहुधा घड्याळच असतं.

ब्रॉयगेलचं इकॅरसचं चित्र जरा मोठं करून बघाच. शेतकरी नांगरतोय, मेंढपाळ वर बघत उभा आहे, जहाज चाललंय, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर दोन पाय. तोच इकॅरस. एक पोरगं आकाशातून पडून बुडतंय आणि कुणाला पत्ता नाही. ड्रेपरच्या चित्रात नेमकं उलटं: शरीर मधोमध, पंख भव्य, भोवती रडणाऱ्या बायका. एकाच पडण्याचे दोन निकाल, एक कोणी न पाहिलेला आणि एक सगळ्यांनी पाहिलेला. पडलो तरी सगळ्यांसमोरच पडणार, हे ज्यांना माहीत आहे अशा पोरांच्या व्हिडिओत ही दोन चित्रं एकत्र येणं मला फार बोलकं वाटतं. अर्थात हे तिसऱ्या रकान्यातलं.

५. मूळ पुस्तकाकडे जा

‘विंग्ज’च्या आधी सात शॉर्ट फिल्म आल्या. त्यांत आरएमच्या आवाजात हेर्मान हेसेच्या ‘डेमियन’ कादंबरीतले उतारे ऐकू येतात. आपल्याकडे हेसे म्हटलं की ‘सिद्धार्थ’ आठवतो, ‘डेमियन’ त्याच्या आधीची, १९१९ सालची. म्हणजे पुस्तक कुठलं हे कोडं नव्हतंच. मग करायचं काय? पुस्तक वाचायचं! सारांश नव्हे. दोनशेच्या आत-बाहेर पानं आहेत, दोन रविवारांत होतं.

थोडक्यात गोष्ट अशी. सिंक्लेअर नावाच्या मुलाचं घर म्हणजे उजेडाचं जग: आईवडील, प्रार्थना, स्वच्छता. बाहेर दुसरं, काळोखाचं जग. दोन्हींमधली भिंत पहिल्यांदा तडकते ती एका थापेमुळे. मित्रांत भाव खायला तो सफरचंदं चोरल्याची खोटी बढाई मारतो आणि क्रोमर नावाचा दांडगट पोरगा त्याला त्यावरून पिळायला लागतो. मग डेमियन भेटतो, पुढे पिस्टोरियस नावाचा ऑर्गनवादक. सिंक्लेअर अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पक्ष्याचं चित्र काढून डेमियनला पाठवतो, उत्तर येतं ते प्रसिद्धच आहे: पक्षी अंडं फोडून बाहेर येतो, अंडं म्हणजे जग, जन्मायचं तर एक जग मोडावं लागतं.

पुस्तक वाचून अल्बमकडे परत आलात की गोष्टी आपोआप जागेवर बसतात. जिमिनच्या गाण्याचं नाव ‘लाय’, म्हणजे खोटं, आणि कादंबरीत सगळं एका खोट्यानेच सुरू होतं. ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’च्या व्हिडिओच्या मध्यात गाणं थांबून ऑर्गन वाजतो, ती बुक्स्टेहुडे या जुन्या संगीतकाराची ‘पासाकाल्या’ ही रचना, आणि कादंबरीत सिंक्लेअर पिस्टोरियसला तेच वाजवायला सांगतो. इतका बारीक धागा योगायोगाने जुळत नाही. करणाऱ्यांनी पुस्तक खरंच वाचलेलं आहे.

आता बदल काय केला ते पाहू. कादंबरीच्या शेवटच्या पानांवर युद्धात जखमी झालेल्या सिंक्लेअरला डेमियन आपल्या आईने पाठवलेलं चुंबन देतो. नंतर सिंक्लेअर स्वतःत डोकावतो तेव्हा काळ्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो, तो आता हुबेहूब त्या मित्रासारखा झालेला असतो. व्हिडिओतही चुंबन आहे आणि आरसाही आहे. पण चुंबन मित्राचं नाही, काळ्या पंखांच्या थंड पुतळ्याचं आहे. आणि आरशासमोर जिनचा चेहरा मित्रासारखा होत नाही, त्याला तडे जातात.

पहिल्यांदा बघताना हा शेवट भीषण वाटतो: मोहाला बळी पडला, फुटला, संपला. बऱ्याच थिअऱ्या इथेच थांबतात. पण तडे कशाला जातात? कादंबरीत अंड्याला. मग हा चेहरा म्हणजे कवच धरायचं का? मी धरतो, आणि त्याला अल्बमच्या यादीचा आधार आहे. या गाण्यानंतर सात जणांची सात गाणी येतात, त्यांतलं शेवटचं जिनचंच ‘अवेक’, जागा झालेला. आणि अल्बम संपतो पंखांच्या गाण्यावर. मोडतोड हा शेवट असता तर क्रम असा लावला नसता. दुसऱ्या पायरीवर केलेलं काम पाचव्या पायरीवर असं कामी येतं.

६. मागचे अल्बम, आणि पात्रं व माणसं यांतला फरक

एप्रिल २०१५ पासून ‘ह्वायांग्यॉन्ह्वा’ मालिकेत बीटीएसने सात मित्रांची एक काल्पनिक गोष्ट सुरू केली, पुढे तिच्या डायऱ्या, वेबटून (इंटरनेटवरची चित्रकथा), पुस्तक असं बरंच आलं. गोची अशी की पात्रांना सदस्यांचीच खरी नावं आहेत. पात्राच्या हातून खून होतो, पात्राला रुग्णालयात ठेवतात. यावरून त्या माणसाच्या खऱ्या घराबद्दल, खऱ्या मनःस्थितीबद्दल निष्कर्ष काढणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. वहीत पात्रांसाठी वेगळं पान ठेवा. एकेकट्याच्या गाण्यांत मात्र खरी माहिती असू शकते, तिथे श्रेयनामावली बघायची: ज्याने गायलं त्याने लिहिलंय का?

मागचं-पुढचं जोडण्याचा उत्तम नमुना म्हणजे ‘रिफ्लेक्शन’. त्याच्या शेवटी आरएम एकच वाक्य पुन्हा-पुन्हा म्हणतो, मला स्वतःवर प्रेम करता आलं असतं तर. सप्टेंबर २०१७ मध्ये पुढची मालिका सुरू झाली, तिचं नाव ‘लव्ह युवरसेल्फ’. हे आधीपासून ठरलं होतं की त्या वाक्यातून पुढे सुचलं, याने वाचकाला फरक पडत नाही. धागा आहे, तो दिसतो, आणि दोन्ही टोकं कागदावर आहेत.

७. कोरियाचा संदर्भ

इथे आपण सगळे कच्चे असतो, म्हणून इथे सावकाश. ‘विंग्ज’चीच वाढीव आवृत्ती ‘यू नेव्हर वॉक अलोन’ १३ फेब्रुवारी २०१७ रोजी आली, तिच्यात ‘स्प्रिंग डे’ आहे. व्हिडिओत मोटेलवर ‘ओमेलास’ अशी पाटी आहे. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या १९७३ सालच्या कथेतलं हे शहर, जिथे सगळ्यांचं सुख एका कोंडलेल्या मुलाच्या हालांवर उभं आहे. एवढं इंटरनेट सांगतं. पण मेरी-गो-राउंडवर पिवळ्या फिती आहेत, त्या आपल्याला नुसती सजावट वाटतात. कोरियन माणसाला तसं वाटत नाही. १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल बोट बुडाली, ३०४ जण गेले, त्यांतले बहुतेक आन्सान शहरातल्या दानवॉन शाळेचे सहलीला निघालेले विद्यार्थी. पिवळी फीत ही त्यांच्या आठवणीची खूण झाली. आता ओमेलासचं मूल आणि मोठ्यांच्या हलगर्जीपणामुळे गेलेली मुलं शेजारी ठेवून बघा. पुढे २०२० मध्ये एका मुलाखतीत जिनने हे गाणं एका दुःखद घटनेबद्दल असल्याचं मान्य केलं, आणि ते ओढीबद्दलही आहे असं सांगितलं. दोन्ही अर्थ एकत्र राहू शकतात. अशा विषयावर लिहिताना ‘मला कोडं सुटलं!’ असा सूर मात्र लावू नका. ती कुणाची तरी मुलं होती.

म्हणून नव्या अल्बमचं नाव जाहीर झालं, की टीझरच्या आधी त्या नावाचा कोरियातला इतिहास बघून ठेवा. २०२६ च्या जानेवारीत बीटीएसने पुढच्या अल्बमचं नाव ‘अरिरांग’ असल्याचं जाहीर केलं. हे कोरियातलं सर्वांत ओळखीचं लोकगीत. जोंगसन, जिंदो, मिर्यांग अशी प्रांताप्रांताची त्याची निराळी रूपं आहेत. दक्षिण कोरियाच्या वतीने २०१२ मध्ये आणि उत्तर कोरियाच्या वतीने २०१४ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. विरह, डोंगरखिंड, निघून गेलेलं माणूस हे त्यातले ठरलेले विषय. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे लांबलेल्या खंडानंतर परतणाऱ्या गटाने हेच नाव घेणं म्हणजे काय, याचा विचार करायला एकाही टीझरची गरज नाही.

८. घासून बघा

थिअरी तयार झाली की तिला वजन द्या. गटाने स्वतः सांगितलेलं किंवा कामात थेट नाव घेतलेलं (‘डेमियन’) सर्वांत भक्कम. अनेक ठिकाणी परत आलेलं (पंख, पतन) त्याखालोखाल. एकदाच दिसलेलं, पण मूळ पुस्तकाशी अचूक जुळणारं (ऑर्गन) हेही बरं. रंग, आकडे, तारखांची बेरीज-वजाबाकी सगळ्यांत तळाला, कारण सात जणांच्या गटात सात हा आकडा शोधला की सापडणारच. असले बादरायण संबंध जुळवून दमल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: माझं म्हणणं चूक ठरेल असं या अल्बममध्ये काय असू शकलं असतं? काहीच सुचत नसेल तर ती थिअरी नाही, श्रद्धा आहे.

धंदाही विसरू नका. ‘विंग्ज’ चार आवृत्त्यांत आला: डब्ल्यू, आय, एन आणि जी. प्रत्येकात फोटो वेगळे. यात गूढ अर्थ शोधण्याआधी चारही घेणारे चाहते किती, याचा विचार करा. कोडं सुटावं म्हणून दुसरी प्रत मागवायची काहीच गरज नाही, फोटोंच्या पानांत गाण्याचा अर्थ बदलेल असं सहसा काही नसतं.

९. वही लगेच मिटू नका

पहिल्या आठवड्यात मत मांडा, पण तारीख टाकून, आणि कच्चं म्हणून. मुलाखती येतात, मैफलीत गाणी वेगळ्या क्रमाने लागतात, पडद्यामागचे व्हिडिओ येतात. आणि वाढीव आवृत्ती येते, तिची वाट जरूर बघा. ‘विंग्ज’ ज्या ‘इंटरल्यूड: विंग्ज’वर थांबला, तेच गाणं चार महिन्यांनी ‘यू नेव्हर वॉक अलोन’मध्ये लांबवून पुन्हा आलं, आणि या वेळी नाव होतं ‘आउट्रो: विंग्ज’. म्हणजे ऑक्टोबरमध्ये त्यांनी यादीतच लिहून ठेवलं होतं की हा मधला तुकडा आहे, अजून संपलेलं नाही.